पानाबाहेरची ओळ

गजू, आधी कबुली देतो, मग बाकीचं. तुझा फाँट माझ्या हातून पुसला गेला. तुझ्याच खुर्चीत बसून, तुझ्याच माउसनं. मशीननं मला रीतसर विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं.

हे लिहिताना हात थांबतो, कारण तू गेलास हेच अजून डोक्यात बसलेलं नाही. सकाळी शटर वर केलं की हात मोबाइलकडे जातो, अकोल्याहून फाइल आली का पाहायला. मग हात तिथंच राहतो. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. वहिनींसमोर बसलो तेव्हाही एक शब्द निघाला नाही. म्हणून लिहितो आहे. तू वाचणार नाहीस म्हणून खरं लिहितो आहे, असंही म्हण.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा मशीनवर अक्रिलिकचा पत्रा चढवलेला होता आणि तुझीच अक्षरं कापली जात होती. मोर्शीकडच्या त्या रोपवाटिकेचा बोर्ड. स्क्रीनवर नाव आलं, 'गजू अकोला'. भांडणानंतर तुझा हा पहिलाच फोन. मनात म्हटलं, आला लेक ठिकाणावर. उचलला आणि तुला बोलूच दिलं नाही. "काय लेका, मोडली का नाही अकड? पाह्य, कर्व्ह करून पाठवली तं एक अक्षर हाललं नाही. किती वर्सं सांगून राहिलो तुले!" मी आणखी एक टाकलं, "बोल ना बे. तोंडात तंबाखू हाय का?"

तेव्हा तुझ्या प्राचीचा आवाज आला. "काका, मी आहे. बाबा गेले."

मी विचारलं, "कुठं गेले?"

खरंच विचारलं. मूर्तिजापूरला गेला असशील, कागद आणायला गेला असशील, असंच डोक्यात होतं. त्या पोरीलाच मला समजावून सांगावं लागलं. तू सकाळी दुकान उघडलंस, खुर्चीत बसलास, कॉम्प्युटरचं बटण दाबलंस आणि तो सुरू व्हायच्या आत मान टेकवलीस. तुझा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तेवढ्यात तू तंबाखू मळून घ्यायचास. तेवढ्यात माणूस जातो का रे?

मशीन थांबवायचं मला सुचलं नाही. ते कापत राहिलं आणि काम संपल्यावर आपलं आपण थांबलं.

एस. टी. बडनेऱ्याहून पुढे निघाली तरी मी मनात तुझ्याशी भांडतच होतो. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि मी ठरवत होतो, भेटल्यावर याला काय काय सुनवायचं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर एका पोरानं खिडकीशी येऊन पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा एकदम कळलं की मी कशाला चाललो आहे. मग अकोला येईपर्यंत काही ठरवलं नाही. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात तुझ्या गल्लीत शिरलो तर दुकानाचं शटर अर्धंच खाली ओढलेलं होतं आणि आत कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. तो सुरू झाला होता. त्याला कोणी बंद केलं नव्हतं.

तुझ्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कोण म्हनावं?" वहिनी रडता रडता म्हणाल्या, "अमरावतीचे मुनीरभाऊ." तेवढ्यानं भागलं. मला पुढे घेतलं, खांदा दिला. तू जड नव्हतास. यानंही मला धक्का बसला. मला वाटायचं तू जड असशील.

आता जे हे वाचतील त्यांना आपला धंदा सांगावा लागेल. तू कंटाळशील, पण ऐक.

तू अकोल्यात डिझाइन करायचास, लग्नाच्या पत्रिका आणि बोर्ड. मी अमरावतीत मशीनवर अक्रिलिकची अक्षरं कापतो. आपलं चित्र रेषांचं असतं, ठिपक्यांचं नाही, म्हणून बोटाएवढं अक्षर भिंतीएवढं केलं तरी फुटत नाही. पण त्यात एक मेख आहे. फाइलमध्ये अक्षर स्वतः नसतं, फक्त त्याचं नाव असतं, की अमक्या फाँटमधला अमका 'क'. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की तो कॉम्प्युटर त्या नावाचा फाँट स्वतःकडे शोधतो. नसला तर भलताच लावून मोकळा होतो. मात्रा सरकतात, ओळी मोडतात, 'कि'ची वेलांटी शेजारच्या घरी जाऊन बसते. यावर उपाय म्हणजे फाइल पाठवण्याआधी ती कर्व्ह करायची. कर्व्ह केली की अक्षर अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. मग कुठंही न्या, कशावरही उघडा, तो आकार तसाच राहतो. पण मग त्यात टाइप करता येत नाही. एक काना बदलायचा तरी सगळा शब्द नव्यानं काढा.

मी कर्व्हचा माणूस. तू उघड्या फाइलचा.

"कर्व्ह केलं का अक्षर मुकं होते," तू म्हणायचास. "उद्या गिऱ्हाईक म्हणन, भाऊ, पोराचं नाव बदलवा, नवरीचं गाव बदलवा. तवा काय करू? हातोडी घेऊ?"

"हातोडी घे नाई तं कुदळ घे. माह्याकडं आली का फाइल हालली नाही पाहिजे."

"तुह्याकडं आली का हालते, म्हणजे खोट कोनात हाय?"

हा वाद आपण बसस्टँडवर घातला, लग्नाच्या पंगतीत घातला, ईदच्या दिवशी माझ्या घरी शीरखुर्मा खाताना घातला. तू ईदला रिकामा डबा घेऊन यायचास आणि भरून न्यायचास, वर म्हणायचास, "तुह्या वहिनीनं मांगलं हाय, मी तं नाही म्हणत होतो." वहिनींनी मला परवा सांगितलं की डबा घरी पोचायचा तेव्हा अर्धा असायचा.

सुरुवातीला तू प्रत्येक फाइलसोबत फाँटही पाठवायचास. मी तुला फोन करून झापलं होतं, "ह्या नावाचा फाँट हाय माह्याकडं. कावून कचरा पाठवतो? फक्त फाइल पाठव." तू पाठवणं बंद केलंस. मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

आणि खरंच, फाँट तर एकच होता. आपण दोघांनी एकाच वेळी घेतलेला, अमरावतीच्या एकाच दुकानातून, एकाच सीडीवरून. नावही एकच. तरी तुझी उघडी फाइल माझ्याकडे आली की कुठंतरी एखादी ओळ मोडायचीच. एखादा शब्द खाली घसरायचा, थोडासाच. मी कॉम्प्युटर बदलला, सॉफ्टवेअर बदललं, तरी तेच. दर वेळी मी तुला शिव्या दिल्या आणि दर वेळी तू हसलास.

त्याच फाँटची एक जुनी गोष्ट आहे. आपण अमरावतीच्या बसस्टँडबाहेर चहा पीत उभे होतो. समोर तेलाच्या दुकानाचा बोर्ड, त्याच फाँटमधला. लहानपणी आपण दोघंही एकाच पेंटरच्या हाताखाली ब्रश धुतलेले, त्यामुळे बोर्ड दिसला की नावं ठेवल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येत नसे. मी म्हटलं, "गजू, याचा 'ळ' पाह्य. जसा पोट धरून बसला. पोट दुखून राहिलं त्याचं."

"तुले अक्षरातबी बिमारी दिसते," तू म्हणालास. "डॉक्टर झाला असता तं दोन-चार लोकं वाचले असते."

"अन् बाजूच्या पुस्तकाच्या दुकानावर 'विद्यार्थी'चा रफार पाह्य. वेलांटीत पाय अडकला त्याचा."

"पी चहा. थंडा होऊन राहिला."

तू बोर्डकडे पाहिलंही नाहीस. चहाकडे पाहत होतास. मी विसरून गेलो.

आता भांडणाचं सांगतो. यात माझी बाजू फारशी नाही, तेही सांगतो.

रोपवाटिकेचं गिऱ्हाईक तुझं. मजकूर एका ओळीचा, 'येथे संत्र्याची खात्रीची कलमे मिळतील'. फाइल तू नेहमीसारखी उघडीच पाठवलीस आणि सोबत नमुन्याचा फोटो. फोटोत सगळं एका ओळीत होतं. मी फोटो उघडला नाही. फाइल घेतली, घाईत कापायला लावली. माझ्या मशीननं 'मिळतील' खालच्या ओळीत टाकलं, मी तसंच कापलं, तसंच बोर्डवर चिकटवलं. रोपवाटिकेवाल्यानं बोर्ड पाहून तुला फोन केला, "कलमं वर अन् मिळतील खाली! म्हणजे मिळाले तं मिळाले, नाही तं नाही, असं हाय का?"

तू मला फोन केलास तो सांगायला. हसत हसतच केला होतास. मी भडकलो. "तुह्याकडं अन् माह्याकडं एकच फाँट. मंग ओळ कावून मोडते? तू काहीतरी चाळे करून राहिला. यापुढं उघडी फाइल पाठवली तं मी हातबी नाही लावणार."

तू मग हळू विचारलंस, "मुन्या, तू कधी 'ळ' पाहिला का रे?"

"'ळ' काय पाहू? मी नुकसान पाहून राहिलो!"

मग तू जे बोललास ते अजून कानात आहे. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. "बरं, भाऊ. तुमचंच खरं. आता तुमाले कर्व्ह करूनच पाठवतो."

इतक्या वर्षांत मला तू पहिल्यांदा 'तुमी' म्हणालास. आणि तेच शेवटचं बोलणं.

नवी फाइल आली. पानाच्या आत एक ओळ, कर्व्ह केलेली. आणि पानाच्या बाहेर, मोकळ्या जागेत, तीच ओळ पुन्हा, उघडी. पानाबाहेरचं छापलं जात नाही, कापलं जात नाही, ते फक्त काम करणाऱ्याला दिसतं. उद्या बदल करायचा झाला तर हाताशी असावं म्हणून आपण एखादी प्रत तिथं ठेवतो. मला वाटलं, हा तुझा हट्ट आहे. पानात माझं ऐकलंस आणि बाहेर तुझं ठेवलंस. मी बाहेरच्या ओळीकडे दुर्लक्ष केलं. आतली उचलली आणि मशीनला दिली. तेच काम सुरू असताना प्राचीचा फोन आला.

तेरवीच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं. दुकान चालवायचं तिनं ठरवलं आहे, हे तुला कळायला हवं. कुणी सुचवलं नाही, कुणी अडवलंही नाही, ती सरळ येऊन खुर्चीत बसली. लग्नाच्या पत्रिका अडकल्या होत्या, लोकांच्या तारखा ठरलेल्या होत्या, तुझं मशीन मध्येच बंद पडत होतं. ती म्हणाली, "काका, बाबांचं काम माह्या लॅपटॉपवर घ्या. पण दोन्हीकडं सारखं दिसलं पाहिजे. बाबांची पत्रिका लोक हातात घेऊन ओळखतात. ते बदललं तं मंग मी कशाले बसू इथं?"

दोन्हीकडे सारखं. आयुष्यभर मी दुसरं काय मागितलं होतं?

म्हणून मी शहाणपणा केला. माझ्या पेनड्राइव्हमध्ये माझे सगळे फाँट होते, स्वच्छ, सीडीवरून आले तसे. मनात म्हटलं, तुझ्या मशीनवरचे काही बिघडले असतील, म्हणून तर ओळी मोडायच्या. आता दोन्ही मशीनवर एकच संच टाकतो, म्हणजे कटकटच संपली. आधी लॅपटॉपवर टाकले. मग तुझ्या कॉम्प्युटरवर. तिथं त्यानं विचारलं, या नावाचा फाँट आधीच आहे, त्याच्या जागी हा ठेवू का? आपल्या धंद्यात हा प्रश्न दिवसातून कितीदा येतो. त्याला 'हो' म्हणताना कोणी वाचत बसत नाही.

मग तपासायला तुझी शेवटची फाइल उघडली. रोपवाटिकेची.

पानाच्या आत ओळ आणि पानाच्या बाहेर ओळ, एकाखाली एक. आणि त्या दोन्ही सारख्या नव्हत्या.

आधी वाटलं डोळ्यांना भास होतो आहे. मोठं करून पाहिलं. पानाबाहेरच्या ओळीतला 'ळ' पोट धरून बसलेला, बसस्टँडसमोर होता तसाच. आणि पानातल्या, कर्व्ह केलेल्या ओळीत 'ळ' ताठ बसलेला. दोन्ही गाठी मोकळ्या, मधली कमान आरामात उतरलेली, आपल्या पेंटरनं ब्रशच्या एका फिरकीत काढला असता तसा. 'त्र्या'ची पोटातली रेघ नेमकी जागेवर. मी कपाटातले जुने छापलेले नमुने काढत गेलो. 'विद्यार्थी'चा रफार वेलांटीच्या वर, हवेत, सुटा. ज्या ज्या अक्षराला मी कधी चहा पिताना नावं ठेवली होती, ते ते अक्षर तू दुरुस्त केलं होतंस. फाँट उघडून, आतली एकेक रेष हलवून. आणि नाव तेच ठेवलं होतंस. त्याच नावानं जतन केलं होतंस.

म्हणून माझ्याकडे ओळी मोडायच्या. माझा 'ळ' फुगलेला, तुझा नेटका. तुझी ओळ मावायची, माझी मावायची नाही. मशीनला वेगळं काही कळायचं कारण नव्हतं, नाव तर एकच. त्यानं कधी तक्रार केली नाही, म्हणून मला कधी शंका आली नाही. आणि जे पाहायला मला मशीन लागायला नको होतं, ते मी कधी पाहिलं नाही.

आता तो फाँट नव्हता. मीच त्याच्या जागी पोटदुख्या 'ळ' आणून बसवला होता. तुझ्या हजार उघड्या ओळी एका 'हो'नं जुन्या झाल्या. मी सगळा कॉम्प्युटर शोधला. दुसरी प्रत नव्हती. तू मूळ जागीच दुरुस्ती करायचास, प्रत ठेवायचा तुझा स्वभाव नाही. सुरुवातीला फाइलसोबत पाठवायचास, ते मी बंद केलं होतं आणि आलेले तेव्हाच पुसून टाकले होते.

प्राची चहा घेऊन आली. "झालं का काका?"

मी म्हटलं, "झालं."

चहा तसाच ठेवून उठलो.

अमरावतीला आल्यावर आधी रोपवाटिकेचं पुडकं सोडलं. कापलेली अक्षरं कागदात गुंडाळून ठेवलेली होती. त्यातला 'ळ' काढून तळहातावर घेतला. पांढऱ्या अक्रिलिकचा, कडा अजून धारदार. हा मी स्वतः कापला होता, काठ पुसला होता, कागदात गुंडाळला होता. इतकं करूनही मला तो दिसला नव्हता. तू फोनवर विचारलंस, तेव्हा खरं म्हणजे हा 'ळ' माझ्यापुढे धरून विचारत होतास.

मग मला तुझा राग आला. फार आला. माणूस असं करतो का? इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, कधी एका शब्दानं सांगितलं नाही? "मुन्या, मी 'ळ' सुधारला," एवढं म्हणायला काय जात होतं? का तुलाही कळलं नव्हतं की ओळी त्यामुळेच मोडतात? दोन दिवस मी दुकानात हेच घोकत बसलो. तुला माहीत होतं की नव्हतं?

मधे प्राचीचा फोन आला. "काका, जुन्या पत्रिकेच्या ओळी सरकून राहिल्या. लॅपटॉपवरबी अन् बाबांच्या कॉम्प्युटरवरबी." मी म्हटलं, "चौकट जराशी मोठी कर, बसन." उपाय सांगितला, खरं नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी दुकानात गेलो. ती उभी राहून मंडपवाल्याशी बोलत होती. तो गेल्यावर म्हटलं, "प्राची, तुह्या बाबाचा फाँट माह्या हातानं गेला. त्यानं अक्षरं सुधारले होते. मी त्यावर माहे टाकले."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुमी त्या दिवशी चहा न पिता उठले. मी पाहिलं ना, पडद्यावर काय होतं. पानाबाहेरचा 'ळ' पाहिला अन् समजली."

"मंग फोनवर बोलली कावून नाही? ओळी सरकतात म्हणून विचारून राहिली होती मले!"

ती टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत राहिली. "रडू येऊन राहिलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी नाही बोलली. मंग म्हटलं, पाहू काका सांगतात का." मग म्हणाली, "बाबांचंच शिकली मी. मी किती वेळा म्हटलं त्यांले, बाबा, फोन करा, मुनीरकाकाले सांगून टाका का फाँट बदलवला म्हणून ओळ मोडते. तं म्हणत, 'नाही सांगाचं. 'ळ'चं पोट दुखते म्हणून त्यानंच म्हटलं होतं. बरा झाला हेबी त्यालेच दिसलं पाहिजे. दिसलं का फोन येते पाह्य त्याचा.'"

मी तुझ्या खुर्चीत बसलो, गजू.

तू वाट पाहत होतास. इतकी वर्षं माझा फोन वाजला की तुला वाटत असणार, आज दिसला याला. आणि मी प्रत्येक वेळी शिवी घालून फोन ठेवत होतो. शेवटी तुलाच राहवलं नाही, तू विचारून टाकलंस. "'ळ' पाहिला का रे?" त्यावर मी काय म्हणालो ते वर लिहिलं आहे. पुन्हा नाही लिहिणार.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती बाईसाहेब मला म्हणते, "काका, आता रडू नका. तुमच्या मशीनमंधी बाबांच्या कर्व्ह केलेल्या फाइली असतीन ना? तुमी शिव्या देत, तवा काही दिवस ते कर्व्ह करत."

असतील म्हणजे काय, आहेत! मी ओरडलो की तू चार दिवस निमूट कर्व्ह करून पाठवायचास, मग विसरायचास. त्या चार-चार दिवसांच्या फाइली सगळ्या माझ्याकडे आहेत. त्यात तुझी अक्षरं आकार होऊन बसलेली आहेत, मुकी, पण अख्खी. सध्या आम्ही दोघं तेच काम करतो. ती अकोल्याहून सांगते, "काका, 'ण' पाहिजे," आणि मी इथं शोधतो. कुठल्या तरी अंजनगावच्या लग्नपत्रिकेत 'ण' सापडतो, कुठल्या दवाखान्याच्या पाटीत 'ठ'. आकार उचलायचा, स्वच्छ करायचा, तिला पाठवायचा, ती तो फाँटमध्ये त्याच्या जागी बसवते. 'ज्ञ' कुठंच मिळाला नाही. ती म्हणाली, "'ज्ञ' मी काढते." काढला. तुझ्यासारखा नाही, जरा जास्त ऐटीत आहे. मी नावं ठेवणार होतो, मग म्हटलं, नको. तीही कुठंतरी सुधारून ठेवील आणि मला सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला निक्षून सांगितली. "बाई, याचं नाव येगळं ठेव. त्याच नावानं ठेवजो नको. बापासारखी करजो नको." ती हसली आणि नाव टाइप केलं, 'दिसला'. आता कोणत्याही कॉम्प्युटरवर फाइल गेली तर त्यानं विचारलंच पाहिजे, की 'दिसला' नाही माझ्याकडे, काय करू? एवढं तरी त्यानं विचारावं.

आपला वाद काही मिटला नाही. तुझी जी अक्षरं वाचली ती मी हट्टानं कर्व्ह करायला लावली म्हणून वाचली. पण उघडी ओळ तू पानाबाहेर ठेवली नसतीस, तर काय गेलं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. यावर तू काहीतरी बोललं पाहिजेस. मी वाक्य संपवून तुझ्या बोलण्यासाठी जागा ठेवतो, तशी आत्ताही ठेवली. मग आठवतं. हेच आहे ते, गजू, जे डोक्यात बसत नाही.

रोपवाटिकेचा बोर्ड मी स्वतः जाऊन लावून आलो. सगळं एका ओळीत. रोपवाटिकेवाला म्हणाला, "आता मिळतील, नक्की मिळतील!" मी शिडीवरून उतरलो आणि बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहत होतो. मग खिशातून मोबाइल काढला. तुझा नंबर आता प्राचीकडे असतो. मी तो लावला आणि ती 'हॅलो' म्हणायच्या आत बोलून टाकलं, कारण हे तुलाच सांगायचं होतं आणि फार उशीर झाला होता.

"गजू, 'ळ' पाहिला रे. बरा झाला. पोट नाही दुखत त्याचं."